उजवा पाय कसा आहे ते कळव

अंबरनाथ, १२ नोव्हेंबर २००६

प्रिय भूषण,

जयभीम. फोनवर माझा आवाज ऐकलास की तू फोन ठेवून देतोस. पत्र कसं ठेवशील? फार तर फाडशील. पण फाडण्याआधी माणूस दोन ओळी वाचतोच, आणि मला दोनच ओळी लिहायच्या आहेत. बिडी सोड. बिडी सोड. झालं, आता खुशाल फाड.

अजून वाचतो आहेस म्हणजे फाडलं नाहीस. मग घरचं ऐक. आई बरी आहे. तुझ्या बायकोला सातवा लागलाय. पायलला चिंचा-बोरं काही नको असतात, तिला कोऱ्या जीन्सचा वास हवा असतो. उल्हासनगरच्या कॅम्प तीनमधून येताना ती रिक्षा थांबवते आणि तू कटिंग मास्तर होतास त्या कारखान्याच्या दाराशी उगाच उभी राहते. आत कापडाचे तागे उलगडत असतात, ही डोळे मिटून वास घेते. आई म्हणते डोहाळे. मी म्हणते नवऱ्याची आठवण.

जूनमधलं आपलं भांडण माझ्या डोक्यातून जात नाही. तू ओट्यावर पाय खाली सोडून बसला होतास, कारण पाय वर घेतला की दुखायचा. डाव्या पायाचं मधलं बोट वांग्यासारखं झालं होतं. डॉक्टर तुझ्या आजाराला बर्गरचा आजार म्हणतात, आणि तो तंबाखू ओढणाऱ्यांच्या पायांच्या शिरा आतून बंद करत नेतो, हे तुला मी तोंड दुखेपर्यंत सांगितलं होतं. तू म्हणालास, "ताई, तुझ्या बाटलीत शिरा उगवतात ना? मग एक सुई मला मार." मी नाही म्हटलं. तू म्हणालास, "जगाच्या पायांसाठी औषध करते, आणि सख्ख्या भावाला नाय." आणि महिन्याभरात मस्कतला गणवेश कापायला निघून गेलास, त्याच पायावर दिवसभर उभा राहायला.

मी अजूनही नाहीच म्हणेन. माझ्याकडे जे आहे ते बशीत चालतं, उंदरात कधी चालतं, कधी नाही. ते माणसाच्या अंगात कुठे जाऊन काय उगवेल ते अजून कोणालाच माहीत नाही. परक्याला जे टोचणार नाही ते तुला कसं टोचू? एवढी साधी गोष्ट आहे, पण तुझ्या डोक्यात शिरत नाही आणि मला फार राग येतो.

राग बाजूला ठेवून तुला एकदा माझं काम दाखवायचं होतं. बदलापूरला मालिनी डॉक्टरांचं प्रसूतिगृह आहे. बाळ झालं की नाळ कापतात, ती एरवी टाकूनच देतात. बाळंतिणीने हो म्हटलं तर ती माझ्या बाटलीत येते. मी बाटली बर्फाच्या डब्यात ठेवून रिक्षाने एमआयडीसीतल्या आमच्या लॅबमध्ये आणते. नाळेच्या शिरेला आतून अगदी पातळ अस्तर असतं. त्या अस्तराच्या पेशी मी धुऊन काढते, सरबतासारख्या गुलाबी पाण्यात वाढवते आणि मग एका मऊ थरावर शिंपडते. संध्याकाळी भिंगातून बघावं तर रवा सांडल्यासारख्या सुट्या पडलेल्या असतात. सकाळी येऊन बघावं तर प्रत्येकीने हात लांब करून शेजारणीचा हात धरलेला असतो, आणि बशीभर जाळं झालेलं असतं. कोणी सांगितलेलं नसतं. ज्या बाळाची ती नाळ, ते तिकडे बदलापुरात दूध पिऊन झोपलेलं असतं, आणि इकडे त्याच्या पेशी कोणाचा तरी पाय शोधत असतात असं मला वाटत राहतं. मग मी चहा घ्यायला विसरते.

एकदा बिडीचा धूर पाण्यातून काढून ते पाणी मी त्या पेशींना दिलं. सकाळी सगळ्यांनी हात सोडलेले होते. हे मी आईला सांगितलं तेव्हा तिने ते माझ्याकडून पुन्हा एकदा वदवून घेतलं.

तुझी ताई,
अंजना

अंबरनाथ, १८ फेब्रुवारी २००७

प्रिय भूषण,

तुझ्या मुलीला आता तुझ्यासारख्या भुवया उगवायला लागल्या आहेत. पायलने फोनवर सगळं सांगितलंच असेल, पण ती त्या वेळी आत होती, बाहेरचं मी सांगते.

मालिनी डॉक्टरांच्या प्रसूतिगृहात दाराबाहेर मी बर्फाचा डबा घेऊन उभी होते, सवयीने. कमळाबाई म्हणजे तिथली जुनी आया, दार उघडून म्हणाली, "मॅडम, मुलगी झाली. ही नाळ नेणार काय?" मी इतकी वर्षं त्या दारात उभी राहते, पण आपल्याच घरच्या नाळेसाठी हा प्रश्न पहिल्यांदाच आला. आपल्या घरच्यांचं काही प्रयोगात घ्यायचं नाही असा माझा नियम आहे. पण खरं सांगायचं तर नियम नंतर आठवला, आधी डबा हातातून सटकला. फरशीभर बर्फ झाला. कमळाबाई हसायला लागली आणि मी रडायला.

बेंबीवर राहिलेला नाळेचा तुकडा पुढच्या आठवड्यात सुकून गळाला. तो आईने उचलला. आपल्या घरात देव नाहीत, गंडेदोरे नाहीत, कोणी उदी दिली तर आई ती दारातच झटकते. पण नाळेचं ती सोडत नाही. तुझी आणि माझी तिने ऑर्डनन्स फॅक्टरीच्या क्वार्टरमागे पुरली होती. बाबा रिटायर झाले आणि क्वार्टर सुटलं, तरी त्या रस्त्याने जाताना ती कुंपणाशी थांबते. नाळ पुरलेल्या जागी माणूस परत येतो असं तिचं म्हणणं. तू मस्कतला गेलास त्याचा दोष ती मनातल्या मनात क्वार्टरच्या नव्या बिऱ्हाडाला देते. त्या लोकांनी मागे फरशी घातली आहे.

तर परवा दिवेलागणीला तिने आपल्या दारातल्या पपईखाली उकरलं, फडक्याची पुरचुंडी ठेवली, माती लोटली आणि तांब्याभर पाणी घातलं. पायल बाळाला घेऊन उंबऱ्यात उभी होती. आई म्हणाली, "आता ही कुठंबी जाऊ दे. परत हिथंच येणार." मी शास्त्रज्ञ आहे, तरी छान वाटलं मला.

दुपारी बाळाशेजारी डोळा लागला तर विचित्र स्वप्न पडलं. मी शिवमंदिराच्या मागे पाण्यात अनवाणी उभी आहे. पाणी जीन्सच्या रंगाचं निळं आणि कोमट. ते वाहत वाहत उल्हासनगरात शिरतं, कॅम्पाच्या गल्ल्यागल्ल्यांतून त्याचे फाटे फुटतात, दुकानांच्या पायऱ्यांखालून जातात, कोणाला त्याचं काही वाटत नाही. मी एका फाट्यामागे चालत जाते. तो बारीक होत होत दोऱ्याएवढा होतो आणि एका बोटाशी येऊन थांबतो. बोट तुझं होतं. मी वाकून फुंकर घातली आणि जागी झाले, तर बाळाने माझं बोट घट्ट धरलेलं होतं.

तुझा दोस्त मुकेश सुट्टी संपवून उद्या मस्कतला निघतो आहे. आईने त्याच्याबरोबर डिंकाचे लाडू दिले आहेत आणि तुझ्यासाठी लोकरीचे मोजे. पार्सल तिनेच शिवून बंद केलं, मला हातसुद्धा लावू दिला नाही. मुकेशच्या पिशवीत बिडीचे कट्टे दिसले. मी बघितलं हे त्याला कळलं आणि त्याने पिशवीची चेन ओढली. पायाची काळजी घे. मुलीचं नाव तूच ठेवायचं असं पायल म्हणते आहे, तोवर आम्ही तिला नुसतं बाळ म्हणतो.

ताई

अंबरनाथ, ८ एप्रिल २००७

प्रिय भूषण,

तुझं पत्र आलं. पाकिटावर तुझं अक्षर बघून मी ते आधी पर्समध्ये ठेवलं, लॅबमध्ये गेले, बशा बघितल्या आणि मग खिडकीशी उभी राहून उघडलं. इतक्या महिन्यांनी तू मला ताई म्हटलंस.

तू लिहिलंस, "ताई, तुझं औषध डाव्या पायाला बांधलंय. तू सांगितल्याप्रमाणे बिडी बंद हाय. बोटावर खपली धरली, रात्री झोप लागते. मला आधीच दिलं असतंस तर एवढं भांडण कशाला झालं असतं? आता इतकं बरं हाय की मुकेश म्हणतो, औषध लागू पडलंय तर जेवल्यावर एखादी चालेल. तुला विचारून बघतो."

बरं वाटलं वाचून. बांधून ठेव. एखादीही नको, अर्धीही नको. मुकेशला सांग, ताईने कान धरायला सांगितला आहे, त्याचा.

एक विचारायचं आहे. बांधलंयस ते डाव्या पायाला. उजव्या पायाला काही बांधलेलं नाही ना? त्या पायाचीही बोटं थंड पडायची आणि पोटरी भरून यायची. मग उजवा पाय कसा आहे ते कळव. नीट बघून लिही, अंदाजाने नको.

आज जास्त लिहीत नाही.

ताई

अंबरनाथ, २२ एप्रिल २००७

प्रिय भूषण,

गेल्या पत्रात मी "बांधून ठेव" असं लिहिलं. ते लिहिताना तू काय बांधलं आहेस हे मला माहीत नव्हतं. मी तुला कसलंही औषध पाठवलेलं नाही.

माझं ते पत्र लॅबमधूनच पोस्टात टाकून, तुझं पत्र घेऊन मी त्याच संध्याकाळी घरी आले होते. आई सुपात तांदूळ निवडत होती. मी विचारलं, भूषणच्या पायाला काय बांधायला दिलंस? तिने खडा उचलला, बघितला, टाकला.

"नाळ," ती म्हणाली.

"कोणाची?"

"कोणाची म्हंजे? त्याच्या पोरीची. दुसऱ्याची कशी देईन?"

पपईखाली तिने पुरलं ते नुसतं फडकं होतं, भूषण. खरी नाळ तिने तुझ्या मोज्याच्या आत पुरचुंडी करून शिवली. मी डोक्याला हात लावला. म्हटलं, आई, आपण असलं काही करत नाही. ताईत बांधायला आपण कधीपासून लागलो?

"ताईत नाय तो. औषध हाय," ती चिडून म्हणाली. "तूच बोललीस ना, नाळेतनं शिरा उगवतात म्हणून?"

"अगं, बशीत उगवतात. जिवंत पेशी असाव्या लागतात. वाळलेल्या नाळेत काही नसतं."

"बशीत उगवतात त्या पायात का नाय उगवणार? बशीला कुठं चालायचंय?"

 इतक्या वर्षांत परिषदांमध्ये असा प्रश्न मला कोणी विचारलेला नाही. मग विचारलं, बिडीचं कोणी सांगितलं?

"ते मी घातलं. मुकेशला सांगितलं, भूषणला बोल, ताईनं दिलंय, बिडीच्या धुरानं हे मरतं. ते तरी खोटं हाय काय? तूच बोलली होतीस, धुरानं हात सोडतात म्हणून." आणि पुन्हा तांदळात बोटं घालून म्हणाली, "पथ्य नसलं तर औषधावर इश्वास कोण ठेवतो?"

तेव्हापासून मला काही सुचत नाही. लॅबमध्ये बसते, खिडकीतून कारखान्यांची धुरकट दुपार बघते, आणि पुन्हा पुन्हा तेच मनात येतं. सांगितलं तर तू चिडशील, पुरचुंडी काढून फेकशील आणि हट्टाने बिडी पेटवशील. तुझा हट्ट मला माहीत आहे. तुझ्यासारखाच एक माणूस कॅम्प चारमधला, माझ्या अभ्यासातल्या रुग्णांच्या यादीतला, गेल्या महिन्यात गुडघ्याखालचा पाय देऊन आला. तोही एखादीच ओढत होता. आणि नाही सांगितलं तर तू मला ताई म्हणत राहशील. किती वेळा वाटलं, असू दे. कोणाचं काय बिघडतंय? खपली धरली आहे, झोप लागते आहे. खोटं तर खोटं, पाय तर खरा आहे.

पण तुझ्या पत्रातली ती ओळ मला बसू देईना. औषध लागू पडलंय तर एखादी चालेल. ज्या दिवशी तुला वाटेल की पाय पुरचुंडी सांभाळते आहे, त्या दिवशी तू पहिली बिडी ओढशील आणि तुझी ताई जोखमीत भागीदार असेल. म्हणून लिहिते. त्या कापडात तुझ्या मुलीची वाळलेली नाळ आहे, दुसरं काही नाही. पाय सुधारला तो तू बिडी टाकलीस म्हणून. तुझ्या शरीराला धुरातून जरा उसंत मिळाली तेव्हा बंद रस्त्यांना वळसे घालून बारीक बारीक वाटा उघडायला लागल्या. तोंडल्याचा वेल धरायला काही शोधतो तसं ते करतं, आपण फक्त त्याला विष घालायचं थांबवायचं असतं. मला जे वर्षानुवर्षं बशीत जमवायचं आहे ते तुझा पाय आपला आपण करतो आहे.

उजव्या पायाचं म्हणूनच विचारलं होतं. त्याला काही बांधलेलं नाही. तोही सुधारला असेल तर माझं खरं, आणि नसेल तर आईचं खरं. आमच्याकडे एक बशी नेहमी अशी ठेवतात, जिला काहीच द्यायचं नाही. तिच्याशी ताडून बघितल्याशिवाय दुसऱ्या बशीवर कोणी विश्वास ठेवत नाही. तुझा उजवा पाय माझी ती बशी आहे.

रागाव माझ्यावर. पुन्हा फोन ठेवून दे, ताई म्हणू नकोस, मुलीचं नाव ठेवायला मला बोलावू नकोस. हे सगळं मी सोसेन. पण बिडी पेटवू नकोस, भूषण. मी हात जोडते. तुझा एकच डावा पाय आहे.

ताई

मस्कत, २० मे २००७

ताई,

जयभीम. तुझी दोन्ही पत्रं मिळाली. पयलं वाचून हसलो, म्हटलं आपली ताई पण फेकते. "बांधून ठेव" म्हणे! दुसरं पत्र आलं तेव्हा कटिंग टेबलाखाली बसून वाचलं. मुकेश विचारतो, क्या हुआ, घर पे सब ठीक? मी बोललो, एकदम ठीक.

आता ऐक. मोजा हातात घेतला त्याच दिवशी टोचायला लागला म्हणून मी तो उसवला होता. आत आईच्या जुन्या लुगड्याची पुरचुंडी. ती पण उसवली. आत काय हाय ते बघून मला कळलं नाय असं वाटतं तुला? पायलने फोनवर सांगितलं होतं, बाळाची नाळ पडली, आईने पपईखाली पुरली म्हणून. खरी पुरलीच नाय, हे तेव्हा ध्यानात आलं. मी तिथंच खाटेवर बसलो. एवढुसा काळा तुकडा, मिरीच्या दाण्यासारखा. पोरीला मी अजून बघितलेलं नाय ताई, फोटोत पण नाय, आणि तिच्या अंगाचा तुकडा माझ्या हातात.

मुकेशने बिडी पुढं केली. मी घेतली. काडी ओढली. आणि मांडीवरच्या त्या तुकड्याकडे लक्ष गेलं. वाटलं, ही पोरगी एवढा समुद्र ओलांडून आली, आणि बाप तिच्या तोंडावर धूर सोडतोय. काडी हातात जळून गेली. बोट भाजलं. ते पण आता बरं हाय. पुरचुंडी परत शिवली आणि बांधली. त्यानंतर लय हाल झाले, भिंतीवर डोकं आपटावंसं वाटायचं, पण नाय ओढली.

तुला औषध औषध लिहिलं कारण पत्र लिहायला काय तरी निमित्त पायजे होतं. एवढं भांडून गेलो, एकदम माफी काय मागणार? एखादी चालेल का विचारलं, ते पण तू काय लिहितेस ते बघायला. खोट्यावर खोटं चढवतेस की खरं सांगतेस. तू खरं सांगितलंस.

आता एक खरं माझं. सुई दिली नाय म्हणून मी तुझ्यावर खार खाऊन होतो. इथं झोप नाय लागायची तेव्हा विचार केला. तू सुई दिली असतीस तर मी एका हाताने बिडी ओढत दुसऱ्या हाताने सुई घेतली असती. पाय गेला असता आणि नाव तुझं खराब झालं असतं. तू नाय बोललीस ते बरोबर होतं. आईला हे वाचून नको दाखवू, ती बोलेल माझ्या नाळेनेच केलं.

उजवा पाय. बत्तीखाली बसून नीट बघितला, अंदाज नाय. बोटं गरम हायत. पोटरी पयल्यासारखी भरत नाय, कॅन्टीनपर्यंत न थांबता जातो. काय बांधलेलं नाय. म्हणजे तुझं खरं. पण डावा थोडा जास्त बरा हाय, मी काय करू?

सेठने सुट्टी दिली, पुढच्या महिन्यात येतोय. आईला सांग, कुंपणापाशी उभी राहू नको, मी घरीच येणार. पोरीचं नाव मनाली ठेवू. मी कधी गेलो नाय तिकडे, पण थंडी म्हणतात तिथं लय, आणि चालत फिरायचं असतं. ती मोठी झाली की मला चालवत नेईल.

नाळ बरोबर घेऊन येतोय. तिची हाय, तिच्या दारात पुरू, त्याच पपईखाली. आई पाणी घालेल, पायल पोरीला घेऊन उभी राहील. खड्डा तू खणायचा हां ताई. मला अजून उकिडवं बसायला जमत नाय.

भूषण